वही उघडायला लावणारा कायदा हवा



सिद्धगडाच्या पायथ्याशी भरलेल्या मुरबाड-शहापूरच्या या साहित्य संमेलनात अध्यक्षाने वाङ्मयीन प्रवाहांचा आढावा घ्यावा, अशी स्वागत समितीची इच्छा होती. तो आढावा छापील प्रतीत आहे. घरी नेऊन सावकाश वाचावा. हे व्यासपीठ अध्यक्षाला एकदाच मिळते आणि ते त्याने एका ठरावासाठी राखून ठेवले आहे. मोबाइलवर कुणाला काय दिसावे, हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमचे निकष जाहीर करायला लावणारा कायदा देशात व्हावा, असा तो ठराव. याआधीच्या संमेलनांत दर वेळी तो ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला गेला आणि वेळेअभावी राहिला. कुणी ढकलला, हे या मंडपात सगळ्यांना ठाऊक आहे.

हा साहित्याचा विषयच नव्हे, असे त्या मंडळींचे म्हणणे. मग त्यांनी सांगावे, त्यांचे लेखन आज वाचकापर्यंत कोण पोचवते आणि कोण अडवते? पूर्वी संपादक लेख साभार परत करायचा. त्याचे नाव माहीत असायचे, त्याच्या कचेरीत जाऊन भांडता यायचे. आता लेख परतही येत नाही. तो नुसता कुणाला दिसत नाही.

याच मुरबाड तालुक्यात, एकाच ओटीवर बसलेल्या बहीण-भावांनी एकाच ॲपमध्ये ‘सिद्धगड’ हा शब्द टाकला. भावाला धबधबे आणि पावसाळी सहली दिसल्या, बहिणीला भुताखेतांच्या गोष्टी. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्याच जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणणाऱ्या आझाद दस्त्याचे हे वीर. दोघांनी बोट दुखेपर्यंत पडदा सरकवला, पण हुतात्मे काही आले नाहीत. का आले नाहीत, हे विचारायला जागा नाही.

वाचनालये जिवंत ठेवणारे कार्यकर्ते, आपली गाणी फोनवर टाकणारी ठाकर-कातकरी पोरे यांच्याशी अध्यक्षाचे भांडण नाही. ती पोरे फोनवर गातात म्हणून तर ती गाणी टिकली आहेत. भांडण आहे ते बंद वहीशी.

ही बंद वही अध्यक्षाने घरात ऐकलेली आहे. आजी सांगायची, भात सावकाराच्या अंगणात मापले जायचे, अंगठा उठायचा, आणि वहीत काय मांडले ते मांडणाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या सुगीला बाकी वाढलेलीच. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते याच संतापातून. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांत होता. त्याने कुळाला पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने हिशेब ठेवणे आणि ऋणकोला उतारा देणे बंधनकारक केले. सावकारी संपली नाही, पण वही मागता येऊ लागली.

मोबाइलच्या वहीत काय मांडलेले असते, याचा एक नमुना २०२१ मध्ये बाहेर आला. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. त्यांतून कळले की २०१७ पासून रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे ज्या मजकुराने माणसे चिडतील, तो वर चढणार. हे वजन भारतातल्या कुठल्या वाचकाला विचारून ठरले होते?

युरोपीय संघाने २०२२ मध्ये डिजिटल सेवा कायदा केला. त्याच्या २७ व्या कलमाने शिफारशींचे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगणे भाग पाडले. ३८ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना वैयक्तिक माहितीवर न बेतलेला पर्याय देण्याची सक्ती केली. मोडल्यास जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. चीनने १ मार्च २०२२ पासून अशा शिफारशी बंद करण्याची सोय द्यायला लावली. अमेरिकेत अशाच धर्तीचे २०१९ चे विधेयक मात्र कायदा होऊ शकले नाही. आणि भारतात? २०२१ चे आयटी नियम आहेत, २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे. पण हा मजकूर तुमच्यासमोर याच क्रमाने का आला, हे वाचकाला सांगण्याची सक्ती त्यांत नाही.

व्यापारी गुपित फुटेल, असा आक्षेप येतो. युरोपनेही वाचकाला संगणकाची आज्ञावली दाखवायला सांगितलेले नाही. निकष सांगायला सांगितले आहे.

हिशेब उघड असण्याचे मोल शहापूरकरांना अधिक फोड करून सांगायला नको. भातसा आणि तानसा ही धरणे शहापुरात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात धरणाशेजारच्या पाड्यांना टँकर. या अन्यायावर अध्यक्ष रात्रभर बोलू शकेल. पण धरणांत किती पाणी उरले, हा आकडा निदान रोज जाहीर होतो. तो हातात घेऊन मोर्चा काढता येतो.

हा कायदा संसदेनेच करायचा आहे. म्हणून ठरावात तीन मागण्या आहेत: निकष मराठीत सांगा; वैयक्तिक शिफारस बंद करण्याचे बटण द्या आणि बंद केल्यावर ते बंदच राहू द्या; स्वतंत्र अभ्यासकांना तपासणीची मुभा द्या. मुरबाड आणि शहापूर दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. ठराव तिथल्या खासदारांकडे जाईल. कार्यवाहांनी तो जेवणाच्या सुट्टीआधी मतास टाकावा, आणि ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी या वेळी हात वर करून करावा.