उरलेली नजर आणि संगणकाचं भिंग



डोळ्यांच्या बाबतीत आपण माणसांची दोनच खाती पाडतो. एक डोळसांचं, दुसरं अंधांचं. कायद्यानं मात्र तिसरं खातं मानलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘अल्पदृष्टी’ ही वेगळी नोंद आहे. चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर 6/18 च्या खाली, पण 3/60 पर्यंत असेल, तर माणूस या खात्यात येतो. 6/18 म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून वाचता येणारं अक्षर याला सहा मीटरवर आल्यावरच वाचता येतं. असा माणूस पायवाटेनं नीट चालतो, ओळखीच्याला हाक मारतो, म्हणून लोक त्याला डोळस समजतात. मग तो अर्ज वाचू शकला नाही, की त्याला अडाणी ठरवतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं, ते इथे कुष्ठरोग होता म्हणून. आजही तो इथून गेलेला नाही. या रोगात चेहऱ्याची नस बाधली की पापणी पूर्ण मिटत नाही. उघड्या राहिलेल्या डोळ्यात धूळ जाते, पण संवेदना हरपली असेल तर ती खुपतही नाही, आणि नजर हळूहळू धूसर होते. तोच रोग बोटांच्या टोकांची जाणीवही नेतो. ब्रेल वाचायची ती बोटांच्या टोकांनी. सहा ठिपक्यांतला कोणता उठावाचा आणि कोणता नाही, हेच कळत नसेल तर ब्रेलची वाट बंद होते. म्हणून अशा माणसाची उरलेली नजर, कितीही थोडी असो, ही त्याची मोठी ठेव आहे. गडचिरोलीतल्या सिकलसेल या रक्ताच्या आजारातही नजर बाधू शकते. त्यात काहींच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात.

उरलेल्या नजरेची ही ठेव वापरायचं साधन अनेकांच्या टेबलावर आधीच आहे. विंडोजमध्ये 1998 पासून पडदा मोठा करून दाखवणारं भिंग येतं. वेगळे पैसे नाहीत, इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटला, तरी वीज असेपर्यंत ते चालतं. विंडोजची कळ दाबून ठेवून अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं आणि पुन्हा दाबलं की अक्षर आणखी वाढतं. वजाच्या चिन्हानं ते लहान होतं, आणि विंडोजसोबत एस्केप दाबलं की भिंग बंद.

दोन कळा एकदम दाबणं कुष्ठरोगानं वाकलेल्या बोटांना जमत नाही, असं कोणी म्हणेल. त्याचीही सोय आहे. शिफ्टची कळ ओळीनं पाच वेळा दाबली की संगणक विचारतो, आणि होकार दिला की कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात. माऊस धरवत नसेल तर टॅबच्या कळीनं पुढे जावं. भिंग आपोआप त्या जागेमागे येतं.

पण मोठं केलं म्हणजे झालं, असं नाही. अक्षर दुप्पट केलं की पडद्याचा चौथा भाग दिसतो, चौपट केलं की सोळावा. ओळीचं टोक गाठायला उजवीकडे सरकावं लागतं आणि परत येताना ओळ हरवते. म्हणून आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये फक्त मजकुराचा आकार वाढवावा आणि उरलेलं काम भिंगावर सोपवावं. काचबिंदूत बाजूची नजर जाते, तिथे फार मोठं अक्षर उलट त्रास देतं. अशा डोळ्याला मोठ्या अक्षरापेक्षा अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला ठळक फरक लागतो. प्रकाशानं दिपणाऱ्याला काळ्यावर पांढरी अक्षरं बरी पडतात. कंट्रोल, ऑल्ट आणि आय या कळांनी भिंगातले रंग उलटतात. अर्थात या सगळ्याच्या आधी डोळे तपासून घ्यायचे. मोतीबिंदूवर उपाय शस्त्रक्रिया आहे, भिंग नव्हे.

मराठीची स्वतःची अडचण आहे. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा. अनुस्वार नि रफार शिरोरेषेवर चिकटलेले. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर मजकुराचा आकार सेटिंगमधून वाढवला तरी कडा रेखीव राहतात. पण कागद स्कॅन करून चढवलेला शासननिर्णय वाढवला, की अनुस्वाराचा डाग होतो. असा कागद ओळी मोडून पडद्यात मावत नाही, आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उमगत नाही. म्हणजे भिंग कितीही चांगलं असलं, तरी अर्धं काम कागद तयार करणाऱ्याच्या हातात असतं.

या सभेत शिक्षक आहेत, ग्रंथपाल आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत. त्यांच्याकडे नवी योजना किंवा निधी मागायला मी उभा नाही. या कळा शिकायला अर्धा तास पुरतो. वर्गात पुस्तक नाकाशी नेणारं मूल दिसलं तर त्याला पहिल्या बाकावर बसवून आपलं काम संपलं असं समजू नका. आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा आणि मग संगणकापुढे बसवा. कोणी सातबारा काढायला आलं आणि पडद्याला डोळा लावून पाहू लागलं, तर तो घाईनं वाचून दाखवू नका. अक्षर मोठं करून द्या आणि थांबा. आपल्या जमिनीवर कोणाचं नाव चढलं आहे, हे त्याला स्वतः वाचता आलं पाहिजे.