थोरांची यादी आणि मालकाची वही



बेसबॉलचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा अमेरिकेतला न मिटणारा वाद आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. क्रम आकड्यांवरून लागतो, आकडे वहीतून येतात, आणि वही मालकाकडे असते. मस्टरवर ज्याचे नाव नाही त्याचे काम कोणी मोजीत नाही, हे आम्ही पुरते जाणतो.

१९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी पहिले मतदान झाले. २२६ मतांपैकी टाय कॉबला २२२ व बेब रूथला २१५ पडली. दोघेही असामान्य, यात शंका नाही. होमरन म्हणजे एकाच फटक्यावर चारही टप्पे धावून पुरे करणे. असे ६० होमरन रूथने १९२७ च्या एका हंगामात काढले, आणि कारकीर्दीत ७१४. परंतु हे दोघे ज्या लीगमध्ये खेळले तिचे दार काळ्या माणसाला बंद होते. तसा लेखी नियम नव्हता. मालकांची आपसांतली समजूत होती. लेखी नियमाविरुद्ध निदान दाद मागता येते.

दाराबाहेर जॉश गिब्सन होता. काळ्यांच्या लीगचे हंगाम लहान असत. पोटासाठी संघ गावोगाव हिंडून सामने करीत, आणि ते हिशेबात धरीत नाहीत. म्हणून कीर्तिमंदिरातील त्याच्या फलकावर जवळजवळ ८०० होमरन लिहिलेले असले, तरी अधिकृत वहीत २०० देखील नाहीत. जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि दार उघडले. १९२० ते १९४८ मधील काळ्यांच्या लीगचे आकडे मुख्य वहीत चढायला मात्र २०२४ साल उजाडावे लागले. तेव्हा दर हजार संधींत ३७२ यशस्वी फटक्यांचा गिब्सन ३६७ च्या कॉबवर गेला.

या नव्या नोंदी अपुऱ्या आहेत, असा आक्षेप निघतो. तो खरा आहे. पण रूथच्या नोंदीही पुऱ्या कशा म्हणाव्यात? त्याच्या लीगमध्ये सॅचेल पेजसारख्या गोलंदाजाला त्याच्यापुढे उभेच राहू दिले नाही. एका वहीतली पाने हरवली आहेत, तर दुसरीतून माणसेच वगळली आहेत.

आता आमचा क्रम सांगतो. पहिला विली मेज. बर्मिंगहॅमच्या काळ्यांच्या संघातून तो पुढे आला, १९५१ पासून खुल्या लीगमध्ये गोऱ्या-काळ्या सर्वांशी खेळला. लष्करात जवळजवळ दोन हंगाम जाऊनही त्याने ६६० होमरन काढले, आणि क्षेत्ररक्षणाचे सुवर्णहस्त पारितोषिक १२ वेळा मिळविले. दुसऱ्या जागी रूथ आणि गिब्सन शेजारी शेजारी. त्यांच्यात निवाडा करण्याचे साधनच मालकांनी राहू दिले नाही. चौथा हँक ॲरन. रूथचा विक्रम १९७४ मध्ये ओलांडताना त्याला ठार मारण्याच्या धमक्या येत होत्या.

कर्ट फ्लडला मात्र आम्ही या यादीत बसवीत नाही. खेळाने तो तेवढा मोठा नव्हता. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. खेळाडू कायमचा मालकाशी बांधलेला असे. फ्लडने जायचे नाकारले व दावा लावला. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला मार्व्हिन मिलर तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता. ती संघटना पाठीशी उभी राहिली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला, त्याचा खेळही संपला. १९७५ मध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादाने ती बेडी तोडली. मोकळीक पुढच्यांना मिळाली, किंमत फ्लडने मोजली.

आपली यादी आमच्याहून निराळी असेल, ती खुशाल असावी. मात्र ती करण्यापूर्वी वही कोणी ठेवली आणि दाराबाहेर कोण उभे होते, एवढे विचारून घ्या.