दिल्ली दाखवणे आणि दिल्ली पाहणे

(हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिल्लीतील मराठी घराकडे मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत एक काम हमखास येते. ते म्हणजे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दिल्ली दाखवणे. सकाळी लाल किल्ला, दुपारी कुतुबमिनार, संध्याकाळी इंडिया गेट आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आग्र्याची गाडी, हा क्रम ठरलेला असतो. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, हे घरातील शाळकरी मुलालाही पाठ असते. मात्र दाखवण्याच्या या धावपळीत पाहणे राहून जाते.

लाल किल्ल्यात पाहुणे बहुधा एक प्रश्न विचारतात: ‘आपले मराठे इथवर आले होते ना?’ मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता आले पाहिजे. ‘हो, आले होते’ हे उत्तर खरे असले तरी अर्धे आहे.

1739 मध्ये नादिरशहाने या किल्ल्यातून मयूरासन नेले. त्यानंतर 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली. फौजेला अन्न नव्हते, जनावरांना वैरण नव्हती आणि खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवण्यात आली आणि तिची नाणी पाडण्यात आली. आज तेथे मान वर करून पाहिले असता दिसते ते रंगवलेले लाकडी छत. पानिपताच्या वाटेवरील त्या फौजेची निकड समजून घेता येते, परंतु म्हणून छत उघडे पडले ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही.

याच किल्ल्यात 1788 मध्ये गुलाम कादिरने बादशहा शाहआलमचे डोळे काढले. त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला सोडवला आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. ज्या मराठ्यांनी चांदी उतरवली त्यांनीच पुढे बादशहाला आसरा दिला. मुलांना या दोन्ही घटना एकाच जागी उभे करून सांगाव्यात. नंतर 1803 मध्ये पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. तिकडे पाहुण्यांना कोणी नेत नाही. पुढे 1857 नंतर इंग्रजांनी किल्ल्याच्या आतील कितीतरी इमारती पाडल्या आणि तेथे सैनिकांच्या बराकी बांधल्या. आज किल्ल्यात जी मोकळी हिरवळ दिसते, ती सारी मुळातली नव्हे.

कुतुबच्या परिसरातही हाच धडा मिळतो. मिनार सुमारे 73 मीटर उंच असल्यामुळे सगळ्यांची नजर वर जाते आणि शेजारच्या मशिदीचे खांब पाहायचे राहतात. त्या खांबांवर घंटा आणि साखळ्या कोरलेल्या आहेत. 27 मंदिरांचे सामान येथे वापरल्याचे मशिदीच्या पूर्वेकडील दारावरच्या लेखात नमूद आहे. त्याच अंगणात गुप्तकाळातील लोहस्तंभ उभा आहे. सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सोळाशे वर्षे फारसा गंजलेला नाही. लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. मोडतोड आणि कारागिरी या दोहोंचा पुरावा अशा रीतीने एकाच अंगणात मिळतो. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याकडे पाठ फिरवणारा माणूस कुतुब पाहून आला, असे म्हणता येत नाही.

लहान मुले बरोबर असतील तर जंतरमंतर चुकवू नये. सवाई जयसिंगाने 1724 च्या सुमारास उभारलेले तेथील सम्राट यंत्र हे एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे. त्याची तिरपी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतक्या, म्हणजे साडेअठ्ठावीस अंशांहून किंचित अधिक कोनात उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे. मुलांनी सावलीवरून वेळ वाचावी आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. दोन्हींत फरक पडतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशाची, तर दिल्ली 77 च्या थोडी पुढे असल्यामुळे दिल्लीची स्थानिक वेळ सरासरीने सुमारे 21 मिनिटे मागे असते. ऋतूप्रमाणे हा फरक कमीजास्त होतो. भूगोलाच्या पुस्तकातील एक धडा तेथे पाच मिनिटांत समजतो.

पालकांना एवढीच विनंती की, दिवसाला एकच वास्तू पाहावी. निघण्यापूर्वी तिच्याविषयी घरात चार वाक्ये बोलावीत आणि परतल्यावर मुलाला मराठीत एक पान लिहायला सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या सुट्टीतील एक सकाळ शाळेच्या सहलीसाठी द्यावी. तीस मुलांच्या रांगेला शिक्षक सांभाळतात, पण प्रत्येक मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास त्यांनाही आणखी माणसे लागतात.

परप्रांतातील मराठी शाळा मुलांना भाषा देते. त्या भाषेत त्यांना आपल्या पूर्वजांचा पराक्रम सांगता यावा, त्यांनी उतरवलेली चांदीही सांगता यावी आणि ज्या शहराने त्यांना वाढवले ते शहरही सांगता यावे. दिल्लीत जन्मलेल्या मराठी मुलाला लाल किल्ला परका नाही आणि शनिवारवाडाही परका नाही. पुढच्या सुट्टीत पाहुणे येतील तेव्हा वाटाड्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे.