जकात गेली, खैरात नको



राज्य सरकार आणि नगरपालिका यांच्यातल्या पैशाच्या व्यवहाराबद्दल एका कवीने काय बोलावे, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. पण कवीच्या घरालाही नळ असतो आणि त्या नळाला दिवसाआड का होईना, पाणी यावे लागते. शिवाय या विषयात शिरण्यासाठी मला आकड्यांपेक्षा एक शब्द जवळचा वाटतो. तो शब्द म्हणजे जकात.

हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदारांना लिहिलेल्या पत्रात बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा आहे. आपल्या मुलखातले मीठ विकले जावे हा त्यामागचा हेतू. पुढे गावात येणाऱ्या मालावरचा कर म्हणजे जकात, हाच अर्थ रूढ झाला. आमच्या घरात मात्र हा शब्द दुसऱ्या अर्थानेही वावरत होता. रमजान महिन्यात वडील वर्षभराच्या शिलकीचा हिशेब मांडत आणि त्यातून अडीच टक्के जकात बाजूला काढत. खैरात वेगळी. खैरात मनात आले तर द्यायची, नाही आले तर नाही. जकातीचे तसे नाही. आपल्या संपत्तीतला तो भाग मुळी आपला नाहीच, तो गरजवंताचा हक्क आहे, अशी त्यामागची धारणा. म्हणून देणाऱ्याने छाती फुगवायची नाही आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची नाही.

आता हा फरक मनात ठेवून आपण नगरपालिकेच्या तिजोरीत डोकावू.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना गावाच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. ट्रकांची रांग, पावत्यांचे पुस्तक, हुज्जत आणि टेबलाखालचा व्यवहार, सगळेच तिथे होते. व्यापारी त्रासले होते आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण त्या नाक्याचा एक गुण होता. तिथला पैसा रोज संध्याकाळी नगरपालिकेत जमा होई. गावात बाजार भरला की नगरपालिकेचा गल्लाही भरे. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून अनुदान सुरू झाले. महापालिकांची जकात पुढेही काही वर्षे राहिली. मग बहुतेक महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही संपली. महापालिकांच्या भरपाईसाठी राज्याने त्याच वर्षी कायदा केला आणि दरवर्षी ८ टक्के वाढ त्यातच लिहून ठेवली. हे चांगलेच झाले.

नाके गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण नाक्यांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी पैसा गावाच्या वेशीवरून येत होता, आता तो मंत्रालयातून येतो. पूर्वी नगराध्यक्ष नाक्याचा आकडा विचारीत, आता ते जीआर निघाला का, हे विचारतात. लहान नगरपालिकेत सफाई कामगारांचा पगार वेळेवर होणार की नाही, हे पुष्कळदा त्या अनुदानाच्या हप्त्यावर ठरते. पहाटे पाच वाजता हातात झाडू घेऊन निघणाऱ्या बाईला शासन निर्णयाचा क्रमांक ठाऊक नसतो. तिला फक्त एवढेच ठाऊक असते, की या महिन्याची सात तारीख उलटून गेली.

राज्यघटनेला हे अवलंबित्व अपेक्षित नव्हते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने बारावी अनुसूची जोडली आणि नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात दिले. पाणी, रस्ते, आरोग्य, दिवे, झोपडपट्टी सुधारणा, स्मशाने आणि दफनभूमी हे तर आहेतच. पण संस्कृती, शिक्षण आणि सौंदर्यदृष्टी यांना उत्तेजन हाही एक विषय आहे. गाव नुसते स्वच्छ नव्हे, सुंदरही असावे, हे राज्यघटनेत लिहिले आहे, याचा माझ्यासारख्याला फार आनंद होतो. या कामांसाठी पैसा कुठून यावा, हे ठरवायला दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा, असेही त्याच घटनादुरुस्तीने सांगितले. आपल्याकडे पहिला आयोग १९९४ मध्ये नेमला गेला. आयोगाचे काम असे, की राज्याच्या कररूपी उत्पन्नातला नगरपालिकांचा वाटा किती, हे तत्त्वाने ठरवावे. मात्र त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. अहवाल विधिमंडळापुढे ठेवायचा आणि काय केले ते सांगायचे, एवढेच बंधन. वाटा ठरवणारा एक आणि देणारा दुसरा असला, की हक्काची खैरात व्हायला वेळ लागत नाही.

खैरातीचे एक लक्षण असते. ती घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे नव्हे, देणाऱ्याच्या आवडीप्रमाणे मिळते. नगरपालिकेला मिळणारा बराचसा निधी योजनेच्या नावाने येतो. अमुक रुपये अमुक कामासाठीच, आणि त्यात नगरपालिकेचा स्वहिस्साही हवा. राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, म्हणजे २०१० मध्ये, नगरोत्थान महाअभियान सुरू झाले. अशा योजनांमुळे अनेक गावांत पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या, रस्ते झाले, हे कोणी नाकारू नये. पण योजना बांधून देते, चालवून देत नाही. टाकीला पैसा मिळतो, पंपाच्या वीजबिलाला नाही. इमारतीला मिळतो, तिचे कुलूप उघडणाऱ्या माणसाला नाही.

मी ज्या गावात वाढलो, तिथे नगरपालिकेचे वाचनालय होते. कौलारू, गळके, पण सकाळ-संध्याकाळ उघडे. ग्रंथपाल कडक होते. पुस्तकाचे पान दुमडलेले दिसले, तर पुढचे पुस्तक देत नसत. मराठी कविता मला पहिल्यांदा तिथे भेटली. काही वर्षांपूर्वी त्या वाचनालयाला निधी मिळाला आणि दुमजली इमारत झाली. उद्घाटनाची कोनशिला आहे, तिच्यावर पंधरा-सोळा नावे आहेत. दरम्यान ग्रंथपाल निवृत्त झाले आणि ते पद रिकामेच राहिले. नगरपालिकेत किती माणसे असावीत, याच्या आकृतिबंधालाही मंजुरी वरूनच लागते. आता ती इमारत आठवड्यातून दोनदा उघडते, तीही जन्म-मृत्यू नोंदणीच्या कारकुनाला वेळ मिळाला तर. पुस्तके शाबूत आहेत. त्यांची पाने दुमडायला कोणी येत नाही.

मग सरकारने काही न विचारता पैसा द्यावा का? नाही. इथे आपल्याच इतिहासातला एक प्रसंग आठवावा लागतो. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावर. अनेक ठिकाणी तर ठरावाला कोणी दादच दिली नाही. तेव्हा १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव मांडला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाही, तिला सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. आजच्या भाषेत सांगायचे, तर हे सशर्त अनुदानच. पण अट कोणासाठी होती, ते पाहा. ज्याला गावाच्या तळ्यावर ओंजळही भरता येत नव्हती, त्याच्यासाठी होती.

पुढचे आपण सारे जाणतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव फिरवला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, गावाचा कारभार गावाच्या हाती आला म्हणजे न्याय आपोआप येतो असे नाही. गावातले बळकट लोक नगरपालिकेतही बळकटच असतात. म्हणून वरच्या सरकारने अट घालणे गैर नाही. दुसरी, अट न्यायाची आहे की मर्जीची, हे तपासले पाहिजे. दलित वस्तीत नळ पोचला का, मोहल्ल्यातल्या गटारावर झाकण आले का, उर्दू शाळेत आणि मराठी शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, अशा अटी घाला. त्या अटींवर अनुदान अडले, तरी मी सरकारच्या बाजूने उभा राहीन. पण नगराध्यक्ष कोणत्या पक्षाचा, यावर निधीचा नळ सैल किंवा घट्ट होत असेल, तर त्याला अट म्हणत नाहीत.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातल्या शहरी संस्थांना सुमारे १ लाख २१ हजार कोटी रुपयांची शिफारस केली आणि काही अटी घातल्या. हिशेब तपासून सर्वांना दिसतील असे मांडा, घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली वाढवा. या अटी रास्त आहेत. पण एक अट राज्यघटनेने सरकारांनाही घातली आहे. नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, वर्षांमागून वर्षे गेली आणि प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. मधल्या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, निधी आला, खर्चही झाला. फक्त तो कुठे खर्चावा, हे सांगायला लोकांनी निवडलेला एकही माणूस सभागृहात नव्हता. प्रशासक प्रामाणिक असेलही, पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन रात्री दहा वाजता त्याच्या घरची कडी वाजवता येत नाही. नगरसेवकाची येते.

आता थोडे आपल्याबद्दल. सरकारचे अनुदान येते म्हणून आपल्या घरपट्टीकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वांनाच लागली आहे. कायद्याने दर चार वर्षांनी मालमत्तांची फेरआकारणी व्हायला हवी. ती जवळ आली की मोर्चा निघतो आणि नगरसेवक ती पुढे ढकलतात. गावात तीन मजली बंगला उभा राहतो, पण नोंदीत मात्र वर्षानुवर्षे तो पत्र्याचाच राहतो. यात फायदा बंगल्याचा होतो. तोटा होतो तो झोपडीचा, कारण पाणी, दवाखाना आणि शाळा नगरपालिकेकडूनच घेण्यावाचून तिला गत्यंतर नसते. आणखी एक तोटा आहे, तो दिसत नाही. ज्याच्या खिशातून पैसा जातो, तो हिशेब विचारतो. जो देतच नाही, त्याला विचारण्याचे धाडस होत नाही, आणि न विचारणाऱ्या गावासारखे सोयीचे गाव कारभाऱ्यांना दुसरे नाही.

तेव्हा मागणे काय? फार नाही. नगरपालिकेचा वाटा वर्ष सुरू होण्यापूर्वी सूत्राने ठरावा आणि जाहीर व्हावा. त्यातला मोठा भाग असा असावा, की तो पाण्यावर खर्चायचा की पुस्तकांवर, हे गावाने ठरवावे. नवी इमारत मंजूर करताना ती चालवणारे पद आणि त्याचा पगारही मंजूर करावा. राज्य वित्त आयोगाचा अहवाल वेळेवर विधिमंडळात यावा आणि जी शिफारस नाकारली, ती का नाकारली हे सरकारने सांगावे. आणि आलेला पैसा कुठे गेला, हे प्रत्येक प्रभागात सोप्या मराठीत फळ्यावर लिहिले जावे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ४५ टक्क्यांहून अधिक माणसे शहरांत राहत होती. त्यांतले सगळे मुंबई-पुण्यात नव्हते. पुष्कळजण अशा गावांत होते, ज्यांची नावे हवामानाच्या बातम्यांतही येत नाहीत. त्या गावांत आता निवडून आलेली माणसे पुन्हा खुर्चीवर बसली आहेत. वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, त्यांची अंदाजपत्रकाची सभा असते. त्यापूर्वी आपल्या नगरसेवकाला गाठा आणि तीनच प्रश्न विचारा. आपल्या घरपट्टीतून किती आले? सरकारकडून किती आले आणि कशासाठी? सफाई कामगारांचा पगार कुठल्या महिन्यापर्यंतचा झाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. पहिल्या दोन उत्तरांत काही लपवलेले असेल, तर ते तिथे सापडेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)