रेक्झिनवरची बुरशी
(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



विषय बुरशीचा आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. पावसाळ्यात ती आपल्यापैकी कुणाच्या घरी येत नाही? लोणच्याच्या बरणीवर तिचा डोळा असतोच. पण कोचाच्या रेक्झिनवर आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या आवरणावरही ती काळे ठिपके उमटवते. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते बहुधा व्हिनाइलचा थर दिलेले कापड असते. नुसते व्हिनाइल बुरशीला पचत नाही. मात्र ते मऊ राहावे म्हणून घातलेली तेलकट द्रव्ये, आपल्या हातांचे तेल, सांडलेला चहा आणि धूळ, एवढ्या शिदोरीवर ती सुखाने नांदते.

म्हणून पहिला मान साबणाचा. खिडक्या उघडून, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घेऊन मऊ ब्रशाने घासावे. डाग राहिलाच तर व्हिनेगर व पाणी निम्मेनिम्मे लावून पाव तासाने पुसून घ्यावे. ब्लीच फक्त पांढऱ्या आवरणाला, तेही लिटरभर थंड पाण्यात चार मोठे चमचे, हातमोजे घालून. शिलाईचा दोरा त्याने कमजोर होतो. थिनरच्या वाटेला तर जाऊच नये. रेक्झिन कडक होऊन तडकते.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते. दोन औषधे एकत्र केली की गुण दुप्पट, असे आपल्याला उगीच वाटते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. 1915 साली ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडला तो हाच! आणि आपली न्हाणीघरे ती केवढी, खिडकी वीतभर. ब्लीचिंग पावडरीचेही तसेच. अमोनियाशी ब्लीच मिसळले तर निघणारा वायूही विषारीच. तेव्हा व्हिनेगर एका दिवशी, ब्लीच दुसऱ्या दिवशी, मध्ये भरपूर पाणी. उग्र वास आलाच तर बादली तिथेच सोडून मुलांसह मोकळ्या हवेत यावे. खोकला वा धाप थांबेना तर डॉक्टर गाठावा.

घासायला बहुधा आपल्या कामवाल्या बाई बसतात आणि बाटलीवरची अक्षरे इंग्रजी असतात. हे त्यांना तोंडी सांगितलेच पाहिजे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच भरून ठेवण्याची काटकसर तर मुळीच नको.

पुसून झाल्यावर कोच भिंतीपासून वीतभर पुढे ओढून पंख्याखाली पुरता वाळवावा. ओल राहिली तर चार दिवसांत बाईसाहेब परत हजर!