नाक कुणाचं, फुप्फुस कुणाचं



घाटकोपर, भांडुप, वर्सोवा. या ठिकाणी शहराचा मैला वर्षानुवर्षं तलावांत सोडून, यंत्रानं हवा घुसळून साफ केला गेला. साहेबलोक त्याला लगून म्हणतात. हवा मिळाली की मैला खाणारे जंतू जगतात, पाणी निवळतं. तळाच्या गाळाला हवा मिळत नाही. तो सडतो, आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा वास. वारा फिरला की टॉवरवाले खिडक्या लावतात, तक्रार करतात. करू देत, वास खोटा नाही.

मी मात्र या गाळात राबलेला माणूस आहे. हा वायू थोडा असतो तेव्हा नाकाला लगेच कळतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. गेलेला नसतो! पाच-सातशेच्या वर दोन-चार दमात माणूस आडवा. निपचित गाळात फावडं घातलं की कोंडलेला वायू भसकन सुटतो, हवेपेक्षा जड म्हणून खालीच राहतो. एक पडला म्हणून दुसरा उतरतो, त्याला ओढायला तिसरा. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत सेप्टिक टँक साफ करताना तिघं गेले.

जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. मालाड, भांडुप, वर्सोवा, घाटकोपर, वांद्रे, धारावी, वरळी. दिवसाला सुमारे २४६० दशलक्ष लिटर. नव्या पद्धतीत वासावर इलाज असा, की टाक्या झाकायच्या, आतली हवा पंख्यानं ओढून धुवायची, मग बाहेर सोडायची. चांगलंच आहे. पण झाकणाखाली वायू साठतो. शेजाऱ्याच्या नाकातला वास टाकीत कोंडला जातो. दुरुस्तीच्या दिवशी पंखा बंद, झाकण उघडं, आणि आत कोण? कंत्राटावरचा आपलाच पोरगा.

२०१३ च्या कायद्यानं गटारात, सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी केली. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये मृत्यूमागे दहा लाख सांगितले, २०२३ मध्ये तीस. मरणाचा भाव वाढला. वायू मोजायचं यंत्र खिशात मावतं, ते मुकादमाच्या खिशात कधी येणार?

म्हणून पोरांनो, केंद्राच्या फाटकावर जाल तेव्हा कुंपणाबाहेरच्या वासाचे आकडे मागू नका. टाकीच्या आतले मागा. वर, मध्ये, तळाशी. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली किंवा हा वायू दहाच्या वर, तर कुणी उतरायचं नाही. आकडे फळ्यावर, मराठीत, रोज. आणि जो उतरायला नकार देईल त्याची हजेरी लागलीच पाहिजे.