घरचे मोड आणि रुग्णाचे ताट

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात आहार विभागातर्फे केलेले भाषण)



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या असते, नव्या यंत्रांची माहिती असते. रुग्णाच्या डब्याचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. म्हणून आम्ही आज मुद्दाम अगदी साधा विषय निवडला आहे. ‘अशक्तपणा आहे, रोज वाटीभर कच्चे मोड द्यावेत का?’ हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर असे, की मोड जरूर द्यावेत, पण कच्चे देऊ नयेत.

प्रथम मोडांचा गुण पाहू. मोड आल्याने प्रथिने दुप्पट होतात हा समज खरा नाही. उलट दाणा पाणी शोषून फुगतो, त्यामुळे वाटीमागे प्रथिने कमीच भरतात. लाभ आहे तो निराळा. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, ते अंकुरताना तयार होते. लोहाला बांधून ठेवणारे फायटिक आम्ल घटते. पोटात वायू धरविणाऱ्या शर्कराही कमी होतात. म्हणजे दाण्यातील लोह वाढत नाही, ते अंगी लागणे सोपे होते.

या गुणाची शास्त्रीय पारख शंभर वर्षांपूर्वीच झाली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, मेसोपोटेमियातील कूत येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी मिळेनाशी झाली आणि हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरड्या व मोड आलेल्या दाण्यांची तुलना केली. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात मोड स्कर्व्हीला आळा घालतात असे दिसून आले. आपल्याकडील घराघरांत मटकी तर त्याआधीही फडक्यात बांधली जात होतीच!

आजची आपली चिंता रक्तक्षयाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, एवढ्यानेही लोहाचे शोषण सुधारते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र उसळीच्या भरवशावर बंद करू नयेत.

आता कच्चे का नकोत, ते सांगतो. दाण्याला मोड येण्यास जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. दाण्याच्या सालीतील बारीक भेगांत दडलेले जंतू धुण्याने पूर्णपणे जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. धडधाकट माणसाचे एखादे वेळी निभावते. पण कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना हा धोका पत्करायला लावू नये. शिजवताना क जीवनसत्त्व काही अंशी नष्ट होते हे खरे, पण ती उणीव लिंबू भरून काढते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर शिजवलेली कडधान्येही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

नाशिककरांना हे पटवणे अवघड जाऊ नये. आपल्या मिसळीतील मटकी शिजवलेलीच असते. आमची तक्रार असलीच तर ती वरच्या तर्रीबद्दल आहे!

मोड आणण्याची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. तरी दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पेरणीसाठी औषध लावून ठेवलेले बियाणे चुकूनही वापरू नये. शेतकरी घरांत हा धोका अधिक असतो. दाणे निवडून, स्वच्छ धुऊन आठ-दहा तास भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि उकळून वाळवलेल्या सुती फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात मटकीला एका रात्रीत मोड येतात. निफाडकडच्या थंडीत दीड-दोन दिवसही लागतात. मोड बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला, तर शिजवूनही खाऊ नयेत, टाकून द्यावेत. चांगले मोड आले की फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत, वाफ पूर्ण आतपर्यंत जाईल असे शिजवून संपवावेत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतून येणाऱ्या मातांना नागलीची आठवण करून द्यावीशी वाटते. नागलीला मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेल्या पिठाची पेज पातळ राहते. कारण अंकुरताना तयार झालेली विकरे पिष्टाचे विघटन करतात. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. सहा महिन्यांवरील बाळाचे पोट लहान असते, म्हणून ही गोष्ट मोलाची. पेज मात्र नीट उकळूनच भरवावी.

देणगीदारांना शेवटी एक विनंती आहे. आपण प्रेमाने फळांच्या करंड्या पाठवता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा त्यांच्या जोडीला कोरडी, अखंड, कीड न लागलेली मटकी, मूग किंवा नागली पाठवावी. मोड आणून पाठवू नये. ते काम आमच्या स्वयंपाकघरातील भगिनी करतील.